हक रजा बुडते म्हणे!

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नवे कामगार कायदे आले आणि कामगाराचे हक्क गेले, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला पगार स्लिप मिळत नाही, राजीनामा दिला की शेवटचा पगार कंपनीच्या मर्जीवर, 31 डिसेंबरला उरलेली रजा बुडते, आणि नोकरी सोडतानाच्या ‘फुल अँड फायनल’ हिशेबावर सही केली की विषय संपला. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही. रजेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि माणूस फसतो तोही तिथेच.

हक्क गेले, ही तर उलटीच गोष्ट. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली. 1936 च्या जुन्या वेतन कायद्याखाली महिना 24,000 रुपयांपर्यंत पगार असलेलेच येत. आता ती मर्यादा नाही. थकलेल्या पगाराचा दावा पूर्वी 12 महिन्यांत करावा लागे, आता 3 वर्षांत करता येतो.

पगार स्लिपचं उत्तर एका ओळीत: याच संहितेच्या कलम 50 प्रमाणे ती मालकाने द्यायचीच आहे, कॉन्ट्रॅक्टरनेही. त्याने पगार बुडवला तर कलम 43 नुसार जबाबदारी मूळ कंपनीवर येते. मकरपुरा किंवा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत गेटवर पास एका नावाचा आणि बँकेत पैसे दुसऱ्या नावाने, असं असेल तर तक्रारीत दोन्ही नावं घालावीत. फक्त कॉन्ट्रॅक्टरचं नाव घातलं आणि तो गाशा गुंडाळून गेला, तर पंचाईत होते.

शेवटच्या पगाराला कलम 17 मध्ये मुदत आहे: राजीनामा असो की काढून टाकणं, कामाचे 2 दिवस. ‘45 दिवसांनी हिशेब’ हा कंपनीचा नियम झाला, कायद्याचा नव्हे. कपात कशाकशाची करता येते याची यादी कलम 18 मध्ये आहे, आणि सगळी कपात मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. दंड 3 टक्क्यांपर्यंतच, म्हणजे 18,000 वेतनावर 540 रुपये. माल तुटला, हत्यार हरवलं म्हणून पैसे कापायचे तर ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्या हलगर्जीने झालेलं हवं आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. नोटिशीचे दिवस कमी पडले असतील तर कराराच्या अटीवर वाद होऊ शकतो. पण त्याच्या नावाखाली केलेल्या कामाचा अख्खा पगार अडवून ठेवता येत नाही.

आता रजा. गुजरातीत हिला ‘हक रजा’ म्हणतात, तरी ती मागताना लोक मेहेरबानी मागितल्यासारखी मागतात. 2020 च्या व्यवसाय सुरक्षा संहितेचं कलम 32 दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतं. व्यवस्थापक आणि 18,000 च्या वर वेतन असलेले पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. वर्षात 180 दिवस काम (कारखान्यांना पूर्वी 240 ची अट होती) आणि दर 20 दिवसांमागे 1 दिवस रजा. 260 दिवस भरले तर 13. उरलेली रजा पुढच्या वर्षात जाते, 30 दिवसांपर्यंत. वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. वर्षअखेरीसही मागणी केल्यास रजेचे पैसे मिळतात.

मेसेजमधलं तथ्य ते या 30 च्या मर्यादेपुरतं. पण अर्ज करूनही रजा नाकारली असेल तर त्या दिवसांना ही मर्यादा नाही. पंचाईत अशी, की रजा मागितली जाते तोंडी आणि ‘दिवाळीनंतर बघू’ हे उत्तरही तोंडीच. सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर तारखांसह दोन ओळी पाठवल्या तरी पुरावा होतो. दिवाळीत लाभपाचमीपर्यंत कारखाना बंद ठेवून सगळे दिवस हक रजेतून कापतात, तेही तपासावं. कापलेल्या 8 दिवसांत एक साप्ताहिक आणि दोन जाहीर सुट्ट्या असतील तर रजा 5 च धरायची.

वर्षाच्या मध्ये नोकरी सोडणाऱ्याला ‘180 भरले नाहीत’ म्हणून परत पाठवतात. हे चूक आहे. जानेवारीपासून 140 दिवस भरून जूनअखेर नोकरी सोडली तर त्या वर्षाच्या 7 दिवसांचे पैसे मिळायला हवेत, तेही कामाच्या 2 दिवसांत.

राहिली सही. देय रक्कम सोडून दिल्याचा करार वेतन संहितेच्या कलम 60 नुसार रद्दबातल ठरतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचा भार तिच्याच कलम 59 ने मालकावर टाकला आहे. तरी कोऱ्या व्हाउचरवर सही करू नये. रकमेबद्दल वाद असेल तर सहीशेजारी ‘हिशेब मान्य नाही’ लिहून फोटो काढून ठेवावा.

थकलेल्या पगाराच्या दाव्याच्या अर्जात ‘पगार बाकी’ एवढंच लिहिलं की तो रेंगाळतो. महिना, ठरलेला दर, हाती आलेली रक्कम आणि फरक असा तक्ता करावा. जोडीला बँक स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक, कारण पीएफ किती वेतनावर भरला ते त्यात महिनावार दिसतं. अनेकांचा एकच अर्ज चालतो, नोंदणीकृत युनियनलाही तो करता येतो. दावा ऐकणारा अधिकारी मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. ग्रॅच्युइटी मात्र या अर्जात घालू नये, तिचा अर्ज वेगळा.