पहिल्या तपासणीविषयी आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपुरात धंतोलीतील आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आपल्या वडिलांचे पाय पाऊण तास नुसते हलवून पाहिले, लघवी-शौचाचे नको ते प्रश्न विचारले, शेकही दिला नाही आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले, असे आपण लिहिले आहे. सर्वांत आधी एक तातडीची गोष्ट सांगते. गुंगी येते म्हणून वडिलांची बॅक्लोफेनची, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी, गोळी परवापासून बंद केल्याचेही आपण लिहिले आहे. ही गोळी एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात आणि ताठरपणा उसळून वाढतो, म्हणून कृपया आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोला. मात्रा कमी करायची असेल, तर ती टप्प्याटप्प्याने तेच ठरवतील.

आता तपासणीविषयी. आपल्या वडिलांसारखी मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोराला, इजा झाल्यानंतर पाय ताठ होतो तो कधी स्नायू वेगाने ताणल्यावर आवळतो म्हणून, तर कधी स्नायू आणि सांधे खरोखरच आखडले असल्यामुळे, आणि पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्र असतात. हे ओळखण्यासाठी तोच पाय आधी सावकाश आणि मग वेगाने हलवून पाहावा लागतो. गोळीचा उपयोग मुख्यतः पहिल्या प्रकारात होतो. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शय्याव्रण (सतत पडून किंवा बसून राहिल्याने होणारी जखम), अगदी बोटात रुतलेले नखसुद्धा रुग्णाला न जाणवता ताठरपणा वाढवते, म्हणून ते प्रश्न विचारावेच लागतात. शिवाय काही रुग्ण याच ताठरपणाच्या आधाराने उभे राहतात. तो सरसकट घालवला, तर तेवढे उभे राहणेही जाते.

शेक मात्र मी जाणूनबुजून टाळला. जिथे स्पर्श कळत नाही तिथे चटकाही कळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या व्हीलचेअरची लोखंडी पट्टीदेखील अशा पायाला भाजते. आपण वर्णन केलेली जळजळ आणि करंट लागल्यासारखी कळ बहुधा मज्जातंतूंची असते. तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, वेगळी औषधे लागतात, आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असतात.

हे सारे त्याच दिवशी आपल्याला समजावून सांगायला हवे होते. ते राहून गेले, ही चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. तपासणीची लेखी नोंद घेऊन जावी. ती समजावून सांगण्यासाठी आणि पुन्हा एकदा तपासण्यासाठी कोणतेही शुल्क घेतले जाणार नाही.