डोहाची पिन नकाशावर नको

पाणी सगळ्यांचं, म्हणून गळ टाकणाऱ्यांनी आपापल्या जागा नकाशावर जाहीर कराव्यात, हे मासेमारीवरच्या एका लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. मोठ्या जलाशयाचा काठ खुशाल सांगा, तिथं गर्दी खपते. पण अरुंद ओढ्यातल्या डोहात मोठे मासे मोजकेच असतात. तिथं पिन पडली की चार सुट्ट्यांत डोह रिकामा होतो.

सगळ्यात मोठा धोका विणीच्या जागांचा. कित्येक जातींचे मासे दरवर्षी ठरावीक दिवसांत एकाच ठिकाणी जमतात. तिथं गळाला भराभर मासे लागतात, त्यामुळे साठा घटतोय हे शेवटपर्यंत लक्षातच येत नाही. कॅरिबियन समुद्रात नासाऊ ग्रुपर या मोठ्या माशाचे विणीसाठी जमणारे कितीतरी थवे असेच संपले.

आणि फोटोचं बघा. मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर मूळ फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात, मागचा पूल किंवा खडकही जागा सांगून टाकतो.

नवशिक्याला मात्र मी कधीच रिकाम्या हातानं पाठवत नाही. प्रवाह कुठं मंदावतो, सावली कुठं पडते, हे सोबत नेऊन दाखवते. मासा ओल्या हातानं धरून पाण्यात कसा सोडायचा, तेही तिथंच शिकवता येतं.