दिनक्रम हा रिकामपणाचा उद्योग आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ताणाच्या काळात घरातला दिनक्रम कसा सांभाळावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असताना, नोकरीची शाश्वती नसताना आणि झोप तुकड्यातुकड्यांत होत असताना ‘लवकर उठा, व्यायाम करा, वेळेवर जेवा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे, हा सगळा रिकामपणाचा उद्योग आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्या ताणात अपराधीपणाची भर तेवढी पडते. शेवटी आपण विचारले आहे, की ज्याची रात्रच त्याच्या हातात नाही त्याने नेमके काय करायचे.

अपराधीपणाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. लेखात मी नऊ गोष्टींचे वेळापत्रक दिले होते, आणि ती चूक होती. असे वेळापत्रक बऱ्या दिवसांत शोभते. ज्या दिवशी त्यातल्या सात गोष्टी हुकतात, त्या दिवशी माणूस उरलेल्या दोनही सोडून देतो. आईच्या दीर्घ आजारपणात मी स्वतः असाच एक तक्ता करून भिंतीवर लावला होता आणि चौथ्या दिवशी तो काढून ठेवला, कारण त्याच्याकडे नजर गेली की परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटे. हे लेखात लिहायला हवे होते. पण सल्ला देणाऱ्याला स्वतःची फजिती सांगणे जिवावर येते, हेच खरे.

याच संदर्भात एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे तपासले, तेव्हा मध्यक (ज्याच्या आत निम्म्या लोकांना सवय जडते तो काळ) ६६ दिवसांचा निघाला आणि व्यक्तिपरत्वे तो काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. सर्वत्र सांगितला जाणारा २१ दिवसांचा आकडा या मध्यकापेक्षा बराच कमी आहे. त्याहून महत्त्वाचे हे, की मधला एखादा दिवस हुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेला विशेष बाधा आली नाही. तेव्हा खाडा पडलेल्या दिवसाची शिक्षा स्वतःला देण्याचे काही कारण नाही.

मात्र दिनक्रम म्हणजे निवांत माणसांचे चोचले, हे आपले विधान मला पटत नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका चिमुकल्या केंद्रात शरीराचे मुख्य घड्याळ असते. अशा घड्याळाची यंत्रणा पेशीच्या आत कशी चालते, हे फळमाश्यांवरील संशोधनातून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि ते जुळवण्याचे काम प्रामुख्याने डोळ्यांत शिरणारा उजेड करतो. जेवणाच्या आणि हालचालीच्या वेळाही त्याला हातभार लावतात. आता संकटाच्या काळात घरी काय होते ते पाहा : बाहेर पडणे थांबते, पडदे ओढलेले राहतात, जेवण सुचेल तेव्हा होते, आणि घड्याळाला मिळणाऱ्या खुणाच पुसट होतात. मग अंगात जी मरगळ येते, जी चिडचिड होते आणि रात्री जी टक्क जाग राहते, ती सगळी आपण ताणाच्या खात्यावर मांडतो. वास्तविक तिचा काही भाग या न जुळलेल्या घड्याळाचा असतो. आजारपण किंवा बेकारी दिनक्रमाने जात नाही, याविषयी आपले दुमत नाही. माझा दावा फक्त या दुसऱ्या थरापुरता आहे, आणि तो थर ज्याच्यावर संकट आहे त्याच्याच वाट्याला अधिक येतो.

म्हणूनच मी झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याच्या वेळेवर भर देतो. झोप हुकमाने येत नाही. उठणे बहुतेकांना जमते, मग ती वेळ सहाची असो वा नऊची. पहाटेच उठले पाहिजे असा माझा आग्रह लेखात होता, तो मी मागे घेतो. उठल्यावर थोडा वेळ उघड्यावर किंवा निदान खिडकीशी घालवावा. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारणतः काहीशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर तो हजारांत असतो. डोळे दोन्हींना सरावतात म्हणून हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

व्यायामाबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवताना, ती सलग दहा मिनिटांची तरी असावी ही जुनी अट काढून टाकली, एवढे पुरे. रुग्णाच्या खोलीतून दहा वेळा केलेल्या फेऱ्याही त्यात धरायला हरकत नाही.

आता आपला प्रश्न. ज्याला रात्री उठावेच लागते त्याच्यासाठी ठरावीक वेळी उठण्याचा माझा सल्ला निरुपयोगी आहे, आणि तिथे दुसरी वाट धरावी लागते. मिनर्स आणि वॉटरहाउस या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की रोज एकाच वेळी चार तासांची सलग झोप मिळाली आणि उरलेली झोप जमेल तेव्हा अनियमितपणे घेतली, तरी शरीराचे घड्याळ बऱ्यापैकी स्थिर राहते. घरात दोन माणसे असतील तर रात्र अशी वाटून घ्यावी, की प्रत्येकाला त्याचे ठरलेले चार तास कोणी हात लावणार नाही असे मिळतील. दोघांनीही रात्रभर अर्धवट जागे राहणे हा सर्वांत वाईट प्रकार, आणि प्रेमापोटी घराघरांत नेमका तोच होतो. माणूस एकटाच असेल, तर दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी आणि आठवड्यातल्या निदान एक-दोन रात्रींसाठी कोणाची तरी मदत मागावी. ही मदत मागणे दिनक्रमाच्या कोणत्याही कलमापेक्षा अवघड असते, याची मला कल्पना आहे. उदासी किंवा कशातच मन न लागणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मात्र वेळापत्रकाशी झटापट न करता डॉक्टरांना भेटावे.

नऊ गोष्टींचा तक्ता मी लेखातून काढला आहे. त्या जागी उठण्याची वेळ, सकाळचा उजेड आणि रात्र हातात नसणाऱ्यांसाठी चार तासांची सलग झोप एवढेच ठेवले आहे, आणि हा बदल एका वाचकाच्या आक्षेपावरून केला, अशी नोंद खाली केली आहे.