देठ बघा, देठ!

माझ्या पिशवीतली चार सफरचंदं एका अनोळखी गृहस्थाने बाहेर काढली आणि माझ्यादेखत पैसे मोजून स्वतःच्या पिशवीत टाकली. घरी हा किस्सा आता विनोद म्हणून सांगितला जातो. मला अजून हसू येत नाही.

खापर अमेरिकेवर फोडतो. बायकोचा मामेभाऊ तिकडे असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर आला की तिथली माणसं सहकुटुंब बागेत जातात, स्वतः सफरचंदं तोडतात आणि तोडलेल्या फळांचे पैसेही देतात. म्हणजे मजुरीही आपली आणि बिलही आपलंच. भावाने व्हिडिओ पाठवला: फळ ओढायचं नाही, तळहातात धरून जरा वर उचलायचं आणि पिळायचं, की देठासकट हातात येतं. बायको म्हणाली, "आपण पण सगळे मिळून जाऊ या ना." ठाण्यात सफरचंदाची बाग नाही. जांभळी नाक्याचा बाजार आहे. रविवारी संध्याकाळी गेलो.

फळांच्या गाडीपुढे उभं राहताच आमच्यात चार पक्ष पडले. आईला काश्मीरचं डेलिशस, "आपलं देशी". बायकोला गाला. लेकीला हिरवंगार ग्रॅनी स्मिथ, तिखटमीठ लावून. मला हिमाचलातलं किन्नौर. आईला म्हटलं, अगं, तुझं देशी डेलिशस मूळचं अमेरिकेतल्या आयोवाचं. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९१६ च्या सुमारास ते शिमल्याजवळ कोटगढला लावलं. पुढे तो हिंदू होऊन सत्यानंद झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही जाऊन आला. एवढ्यात मागून रिक्षाने हॉर्न मारला आणि आई म्हणाली, "बरं, मग त्याचंच घे." ग्रॅनी स्मिथ म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या खऱ्याखुऱ्या स्मिथ आजी, हे सांगायचं राहूनच गेलं. शेवटी थोडं थोडं सगळंच घ्यायचं ठरलं. मी एकेक फळ दाबून बघत होतो आणि फळवाला दर वेळी म्हणत होता, "साब, दबाओ मत."

आणि मग काका आले.

पँट बरगड्यांपर्यंत चढवलेली, चष्मा दोरीने गळ्यात, हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. त्यांनी थेट माझ्या पिशवीत डोकावून विचारलं, "कुठलं घेतलंत?"

"किन्नौर."

"कशावरून?"

"तो म्हणाला."

"तो उद्या स्वित्झर्लंडचं म्हणेल." त्यांनी चष्मा लावला, माझं एक फळ उचललं आणि देठाच्या खळग्यात नजर रुतवली. "देठ बघा, देठ. लालीवर जाऊ नका. लालीच्या खालचा रंग बघा. हिरवा म्हणजे कच्चं तोडलंय. पिवळसर हवा." मग डॉक्टर पोटावर बोटं वाजवतात तसं त्यांनी ते टिचकीने वाजवलं आणि माझ्या लेकीच्या कानाशी धरलं. "काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"बरोब्बर! मुकं आहे." ते बाजूला ठेवलं. पुढचं वाजवलं. "हे बोलतंय."

मला ती दोन्ही सारखीच गप्प वाटली. तोवर काका जनगणनेवर आले होते. "घरात खाणारी किती? दात कोणाकोणाला?"

"मला वरचे नाहीत," आई म्हणाली. कवळी बसवल्यापासून शेजाऱ्यांनाही कळू न दिलेली गोष्ट तिने भर जांभळी नाक्यावर, रांगेतल्या बायांसमोर जाहीर केली. "आलं लक्षात," काका म्हणाले, आणि माझी तोललेली पिशवी गाडीवर उलटी झाली. "हे आईंना. हे मुलीला. हे मऊ आहे, आईंनाच. ही चार तुम्हाला नकोत, कडक आहेत." आणि फळवाल्याकडे वळून, "ये चार मेरा तोल."

"हां काका," फळवाला म्हणाला. मला दबाओ मत म्हणणारा हाच!

राग काकांचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे. दोनशेच्या वर किलो. शरदात तोडलेलं सफरचंद प्राणवायू कमी केलेल्या थंड खोलीत महिनोन्‌महिने निजवून ठेवतात, ते मे महिन्यातही मेण चोळून, स्टिकर लावून तजेलदार दिसतं आणि सुरी घातली की आत भुसा. कलिंगडवाला निदान काप मारून दाखवतो. हा म्हणतो, अंदर का गॅरंटी नहीं. मग बाहेरची गॅरंटी घेऊन मी काय करू? दाबून बघायचं नाही, कापून बघायचं नाही, परत करायचं नाही, आणि माझ्यासाठी निवडणार मात्र जो-तो.

आमच्या वाट्याला आलेली निम्मी पिठूळ निघाली. आईने चमच्याने खरवडून आनंदाने खाल्ली. "काकांना बरोबर कळलं हो," असं बायको जेवताना दोनदा म्हणाली. ती चार कडक कुठल्या घरी कडाकडा चावली गेली असतील, हा विचार मी वरणभाताबरोबर गिळला.

काल आई म्हणाली, "पेरू आणायचेत. तुझ्या अंदाजाने नको आणूस. ते काका कधी येतात, विचारून ठेव."