मिस्टरांना चालतं का?

आत्ताच सोसायटीच्या कराओकेहून आले. साडीसुद्धा बदलली नाही, आधी हे लिहितेय. डोकं तापलंय नुसतं.

बी विंगमधल्या एका काकांबरोबर ड्युएट म्हटलं. स्टेजवरून उतरते तोच कमिटीतले एक गृहस्थ, हातात अर्धा समोसा, विचारतात, "छान झालं हो! मिस्टरांना चालतं का?"

अहो, मिस्टर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते!

हेच वाक्य मी १९८६ साली ऐकलंय. बँकेच्या स्नेहसंमेलनात मी आणि आमच्या ब्रँचमधले एक सहकारी 'आयलंड्स इन द स्ट्रीम' गायलो होतो. त्यांच्या भावाने अमेरिकेहून कॅसेट आणली होती. इंग्रजी शब्द पे-इन-स्लिपांच्या पाठीमागे देवनागरीत उतरवलेले. तालीम त्यांच्याच स्वयंपाकघरात, वहिनी पोळ्या लाटता लाटता ओरडायच्या, "दोघंही पुढे पळताय!" कार्यक्रम संपला आणि हेड कॅशियर म्हणाले... तेच.

आता त्या गाण्याची कथा ऐका. लिहिलं बी जीज या बँडमधल्या तिघा गिब भावांनी. मुळात ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांच्या ढंगाचं नव्हतंच, आर अँड बी, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या ढंगाचं होतं. नाव हेमिंग्वेच्या कादंबरीवरून उचललेलं. कंट्री गायक केनी रॉजर्स ते एकटाच गात होता. चार दिवस घासलं आणि शेवटी वैतागला, म्हणाला, मला हे गाणंच आवडेनासं झालंय. निर्माता होता त्या तिघा भावांतलाच बॅरी गिब. तो म्हणाला, इथे डॉली पार्टन पाहिजे, तीही कंट्री गायिकाच. ती जवळच होती, आली, गायली, आणि गाणं उभं राहिलं! केनीचा खरबरीत, खाली बसलेला आवाज आणि वर डॉलीची ती लखलखीत धार. १९८३च्या ऑक्टोबरमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या कंट्री यादीतही पहिलं आणि अमेरिकेच्या मुख्य यादीतही पहिलं.

आणि लोकांनी काय विचारलं? "तुमचं दोघांचं काही आहे का?" आयुष्यभर विचारलं. काही नव्हतं! डॉलीचं लग्न १९६६चं, कार्ल डीनशी, ते २०२५ मध्ये तो जाईपर्यंत टिकलं. दोस्ती होती हो, निखळ दोस्ती. ती का पचत नाही कोणाला?

बरं, मान्य, गाण्याचे शब्द प्रेमाचेच आहेत आणि स्टेजवर ते दोघं एकमेकांकडे बघायचेही तसेच. तो गाण्याचा भाग झाला. नाटकातल्या राजाला कोणी घरी मुजरा करतं का?

जाऊ दे. २०१७ मध्ये नॅशव्हिलला केनीच्या निरोपाच्या कार्यक्रमात दोघं शेवटचं एकत्र गायले, तो व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय. त्याचा आवाज थकलेला, ती सांभाळून घेतेय. २०२०च्या मार्चमध्ये तो गेला.

आमचे सहकारीही गेले, दोन वर्षं झाली. भेटायला गेले तेव्हा वहिनींनी डब्यातून त्या स्लिपा काढल्या. एकीवर हळदीचा डाग. गाण्यातल्या 'सेल अवे' या शब्दांखाली पेन्सिलीने लिहिलेलं, "इथे थांबणे".

हे लिहिता लिहिता वहिनींना फोन लावला. समोसेवाल्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुढे पळाली नाहीस ना गं?"

पळाले होते. दुसऱ्या कडव्यात.