‘ज्याचा खिसा जड, त्याचाच विजय’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

हीरोक्लिक्स या पटावरच्या खेळाची सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया लिहिलीत. नाव लिहिलं नाहीत, असो. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती जशीच्या तशी देतो: “काका, लेख छान. पण हा काही खेळ नाही, ज्याचा खिसा जड त्याचाच विजय. बूस्टरचं खोकं म्हणजे लॉटरी आणि तुम्ही पोरांना तिकीट काढायला सांगताय. उद्या नागपुरात आईबापांच्या पैशावर हे सुरू झालं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा बुद्धिबळ शिकवा. वयाचं जरा भान ठेवा.” (बूस्टर म्हणजे या खेळातल्या मूर्तींचं बंद खोकं, आत काय निघेल ते फोडल्यावरच कळतं.)

उत्तर द्यायचं नाही असंच आधी ठरवलं होतं. मतभेद असावेत, माझ्या ब्लॉगवर ते नेहमी असतात आणि कडक शब्दांतली प्रतिक्रियाही मी आजवर कधी काढून टाकलेली नाही. पण आधी ‘लेख छान’ म्हणायचं आणि शेवटच्या ओळीत वय काढायचं, ही पद्धत मला पसंत नाही. वयाचं भान मला आहे. आपल्याला लेख नीट वाचण्याचं भान असतं, तर खिशाबद्दलचं ते वाक्य आपण लिहिलंच नसतं. म्हणून त्या वाक्याबद्दलच सविस्तर बोलतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हीरोक्लिक्समध्ये सुपरहीरोंच्या छोट्या, आधीच रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या मूर्ती असतात. आम्ही त्यांना फिगर म्हणतो. प्रत्येक फिगरच्या बैठकीत एक फिरती तबकडी असते, तिला डायल म्हणतात. बैठकीच्या खिडकीतून एका वेळी चार आकडे दिसतात: वेग, हल्ला, बचाव आणि इजा. मार बसला की बैठक तितके खटके फिरवायची, आकडे बदलतात, आकड्यांमागचे रंगही बदलतात. प्रत्येक रंग म्हणजे एक शक्ती. जॉर्डन वाइजमन यांनी २००० साली विझकिड्स ही कंपनी काढली, त्याच वर्षी मेज नाइट या खेळात ही डायल आली आणि २००२ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन्ही कॉमिक्स-प्रकाशकांचे हीरो तिच्यावर उभे राहिले. कागदावर जखमांचा हिशोब ठेवायची गरजच संपली.

आता खिशाचं बघू. संघ बांधताना प्रत्येक फिगरचे गुण ठरलेले असतात आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच धरायची, बहुतेक वेळा ३००. तुमच्या कपाटात दोन हजार फिगर असोत की वीस, पटावर ३०० गुणच उतरणार. दर शंभर गुणांमागे एक चाल, म्हणजे आपल्या पाळीत फक्त तीन चाली. महागड्या फिगरवाल्याला चौथी चाल कोणी देत नाही. चाल केलेल्या फिगरवर एक टोकन बसतं. लागोपाठ दुसऱ्या पाळीत तीच हलवली तर दुसरं टोकन बसतं, आणि अंगात तशी खास शक्ती नसेल तर दमल्याबद्दल एक खटकाही फिरतो. दोन टोकनं बसली की पुढच्या पाळीत ती फिगर गप्प उभी. हे सगळं माझ्या लेखात होतं. आपण वाचलंत का?

एक डाव सांगतो. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही बसतो. मे महिन्यातली गोष्ट. कूलरच्या वाऱ्याने पट उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवलेली. एका बाजूला माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगल्या पगारावर आहे, त्याने परदेशातून खास मागवलेला सुपरमॅन. दोनशेच्या वर गुणांचा, अंगात इम्पर्व्हियस, म्हणजे कितीही मार बसो, त्यातले निदान दोन खटके कमी होणार आणि फासा बरा पडला तर काहीच लागणार नाही. समोर माझा भाचा, बारावीचा. त्याच्याकडे ब्लॅक विडो, हॉकआय, स्कार्लेट विच आणि आणखी दोन-तीन साध्या फिगर. सगळ्या मिळून सुपरमॅनच्या निम्म्या किमतीच्याही नसतील.

पहिल्या दोन पाळ्यांत सुपरमॅनने धुमाकूळ घातला आणि भाच्याची एक फिगर बाद झाली. पण त्या दोन पाळ्यांत सुपरमॅनवर दोन टोकनं बसली. भाचा याचीच वाट बघत होता. ब्लॅक विडोच्या आउटविटने त्याने सुपरमॅनचं इम्पर्व्हियस त्या पाळीपुरतं बंद केलं. हॉकआयचा हल्ला दहा, सुपरमॅनचा बचाव अठरा. दोन फाशांची बेरीज आठ किंवा जास्त यायला हवी, म्हणजे ३६ पैकी १५ शक्यता. दुसऱ्या एका फिगरच्या परप्लेक्सने हल्ला एकने वाढवला, आता सात पुरे: ३६ पैकी २१, जवळजवळ ५८ टक्के. पहिला फासा फुकट गेला. मग स्कार्लेट विचची प्रॉबेबिलिटी कंट्रोल, म्हणजे फासे परत टाकायची मुभा. ती धरली तर एकूण शक्यता ८३ टक्क्यांच्या आसपास जाते. दुसऱ्यांदा नऊ पडले. सुपरमॅनचे तीन खटके सरळ फिरले, एकही कमी झाला नाही, आणि पुढच्या पाळीत तो जागचा हलू शकत नव्हता. तिथून डाव फिरला तो फिरलाच.

यात खिसा कुठे आला? कोणती शक्ती कधी बंद करायची, मदतीच्या फिगर कुणाच्या आड उभ्या करायच्या, समोरचा दमेपर्यंत कोणाचा बळी द्यायचा, हे त्या पोराने डोक्याने केलं. हरलेला माझा विद्यार्थीही त्या दिवशी उठून त्याची पाठ थोपटून गेला.

आणि हो, मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं आहे. संभाव्यतेचा धडा फळ्यावर घेताना मागच्या बाकांवर जांभया यायच्या, म्हणून मी वर्गात खरे फासे न्यायला लागलो. तेव्हा दोन फाशांवर सात जास्त वेळा का येतो आणि दोन इतक्या क्वचित का येतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. या खेळात दोन एक्के पडले तर हल्ला हुकतोच, वर हल्ला करणाऱ्यालाच एक खटका बसतो. ही शक्यता ३६ मध्ये एक. दहावीतल्या मुलाने हे एकदा स्वतःच्या हॉकआयवर सोसलं की पुढे आयुष्यभर विसरत नाही. आपण ज्याला पैशाचा खेळ म्हणता, त्यात मी मुलांना वर्गापेक्षा जास्त गणित करताना पाहिलं आहे.

पैशाचं म्हणाल तर मी नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत वाढलो. घरात माणसं बरीच आणि मिळवता एक. कॉमिक्स विकत घेणं आमच्या ऐपतीत कधीच नव्हतं. वाचनालयातून भाड्याने आणायचं, रात्रीत तिघांनी वाचायचं आणि सकाळी पानाचा कोपरा न दुमडता परत करायचं. मध्यमवर्गीय पोरांच्या खिशाची काळजी आपण मला शिकवावी, याचं मला वाईट वाटलं. स्पष्टच सांगतो, राग आला.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. बूस्टरच्या बंद खोक्यात कोणत्या फिगर निघतील हे आधी कळत नाही आणि सर्वांत दुर्मीळ, ज्यांना चेस (म्हणजे ‘पाठलाग’) म्हणतात, त्यांच्या मागे लागलेला माणूस खोक्यामागून खोकी फोडत बसतो. हे आहे. पण म्हणून खेळ वाईट ठरत नाही. माझ्या बहुतेक फिगर सुट्या घेतलेल्या आहेत, अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांनी कपड्यांत गुंडाळून आणलेल्या. साध्या प्रतीच्या फिगर तिकडे अगदी स्वस्तात सुट्या मिळतात. इकडे खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. तेव्हा खोकीच्या खोकी मागवायची उधळपट्टी कोण करणार? लॉटरीबद्दल मला इतकंच म्हणायचं आहे.

फिगरचा संग्रह करण्यावरही आपला राग दिसतो, निदान सुरातून तसं वाटलं. कपाटात मांडून ठेवणारे लोक आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण माझ्याकडची प्रत्येक फिगर पटावर उतरलेली आहे. डायल फिरवल्याशिवाय फिगर कळत नाही. वूल्व्हरिनच्या डायलवर खाली गेलात की बचावाच्या आकड्यामागे काळा रंग येतो, ती रीजनरेशन: फासा टाकायचा आणि जखमा भरून काढायच्या. मेलाच असं वाटत असताना तो उठून उभा राहतो. हल्कच्या कितीतरी डायलवर मार खाल्ल्यावर आकडे वाढतात, म्हणजे त्याला थोडं मारून सोडणं हीच सर्वांत मोठी चूक. कॉमिक्समध्ये शंभर पानं वाचून जे समजतं ते इथे चार खटक्यांत बोटांना समजतं. ज्याने हे बनवलं त्याला त्या पात्रांबद्दल माया होती, आणि ती मला प्रत्येक डावात जाणवते. नोव्हेंबर २००८ मध्ये टॉप्स या मालक कंपनीने विझकिड्स बंद केली, २००९ मध्ये नेका या दुसऱ्या कंपनीने ती घेतली. मधल्या काळात नव्या फिगर थांबल्या, पण ज्यांच्या हातात जुन्या होत्या त्यांचा डाव थांबायचं कारण नव्हतं, आकडे त्यांच्या बैठकीतच होते.

आणि या फिगर नागपुरात सांभाळणं सोपं नाही. आपल्याकडचा उन्हाळा माहीतच आहे. वरच्या मजल्यावर दार बंद ठेवलं की मऊ प्लॅस्टिक हळूहळू वाकतं. भाले लोंबतात, तलवारी बाकदार होतात, एका थॉरचा हातोडा पार गुडघ्याला टेकला होता. मग वाटीत कढत पाणी घ्यायचं, तेवढाच भाग काही क्षण बुडवायचा, चिमटीत धरून सरळ करायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात सोडायचा, की आकार बसतो. बैठकीत पाणी जाऊ द्यायचं नाही, नाहीतर डायल अडकते. इतवारीतून आणलेल्या, स्क्रू ठेवायच्या कप्प्यांच्या डब्यांत स्पंजाचे तुकडे कापून प्रत्येकीची जागा केलेली आहे. दिखाव्यासाठी कोणी एवढं करत नाही.

बुद्धिबळाचा सल्ला दिलात. दिव्या देशमुख आपल्या नागपूरची, २०२५ मध्ये तिने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या खोलीतही पेढे वाटले होते. माझा भाचा बुद्धिबळही खेळतो. एक खेळ दुसऱ्याचा शत्रू आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं?

आईबापांच्या पैशाची जबाबदारी आईबापांची. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एकही खोकं घ्यायला सांगत नाही, फिगर मी देतो, ती इथेच खेळतात. यावर आणखी काही लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती तिथेच राहील. पुढच्या वेळी लिहिताना खाली नाव लिहा. आणि खिशाचं ते वाक्य मनापासून खरं वाटत असेल तर एखाद्या रविवारी या. दीडशे गुणांचे संघ बांधू, फिगर माझ्याच, निवड तुमची, आणि माझा संघ उरलेल्या साध्या फिगरमधूनच बांधेन. डाव संपल्यावर तेच वाक्य परत लिहावंसं वाटलं तर खुशाल लिहा.