ग्रीसने झीज भरून निघत नाही: जुन्या जीप-जिप्सीच्या बॉल जॉइंटबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली आणि गाड्या पुन्हा पांदणीत उतरू लागल्या, की जुन्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: जुन्या जीपचे, जिप्सीचे स्टिअरिंगचे बॉल जॉइंट (रॉडच्या टोकांचे फिरते सांधे) बदलू नका, तसलं लोखंड आता मिळत नाही. नियमित ग्रीस मारा. ढिला झाला तर जॉइंटची टोपी (झाकण) ठोकून नाहीतर वेल्डिंग करून घट्ट करा. आवाज येत नाही तोवर काळजी नाही. हँडल (स्टिअरिंग) थरथरलं तर डॅम्पर (झटके शोषणारी दांडी) लावा. आणि कायमचा इलाज हवा असेल तर जाड रॉड आणि रोझ जॉइंट (स्पर्धेच्या गाडीतला उघडा सांधा) टाका.

आपल्याकडे या गाड्या शोभेला ठेवलेल्या नाहीत. त्यांत खताच्या बॅगा असतात, शाळेत जाणारी लेकरं असतात, मेळघाटातून परतवाड्याच्या दवाखान्यात निघालेली बाळंतीण असते. म्हणून या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर द्यायला हवं.

"ग्रीस मारत राहा, बदलायची गरज नाही." ग्रीस हवंच, एवढा भाग खरा आहे. पण ग्रीस झीज लांबवतं, झिजलेलं लोखंड परत आणत नाही. जॉइंटच्या आत वाटीत बसलेला एक गोळा असतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे गोळा आणि वाटी ठरावीक जागीच घासतात आणि तिथे फट पडते. नवं ग्रीस त्या फटीत भरलं की खडखड थांबते, हँडल हलकं लागतं, माणूस निश्चिंत होतो. गड्ड्यांच्या रस्त्यावर थोडी चालली की ते ग्रीस दबून बाजूला सरतं आणि ढिलाई होती तशीच समोर येते. मधल्या काळात ती लपलेली असते, आणि मला धोका वाटतो तो त्याच दिवसांचा.

ग्रीस मारण्याचीही रीत आहे. निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोटी, आधी फडक्याने स्वच्छ पुसा, नाहीतर गन धूळच आत ढकलते. साधं लिथियम बेसचं दोन नंबरचं ग्रीस चालतं. गन सावकाश दाबा. ज्या बुटाला (जॉइंटवरच्या रबरी टोपणाला) ग्रीस बाहेर पडायला वाट आहे तिथे जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत भरा. बंद बुटात तो किंचित फुगला की थांबा, जास्त दाबलं तर रबर फाटतं. नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली तर पुढच्या वेळापत्रकाची वाट न पाहता ग्रीस मारा. ज्या जॉइंटला निपलच नाही तो सीलबंद असतो. त्याला घरी भोक पाडून निपल बसवू नका, ड्रिलचा कीस आत राहतो आणि तोच गोळा खातो.

आणि ग्रीसपेक्षाही आधी बूट बघा. आपली काळी माती ओली असताना बुटाभोवती गोळा धरते आणि वाळली की दगडासारखी कडक होऊन रबर घासते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात जुनं रबर तडकतं. तडा गेला की पाणी आणि धूळ आत जाणारच. बूट नुकताच फाटला असेल आणि जॉइंटमध्ये खेळ नसेल, तर साफ करून फक्त बूट बदलता येतो. खेळ असेल तर जॉइंटच बदलावा लागतो.

"आवाज येत नाही तोवर काळजी नाही." या मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. आवाज फार उशिरा येतो, आणि ग्रीस भरलं की तोही दबतो. ढिलाई हाताला आधी कळते. गाडी सपाट जागी चाकांवरच उभी ठेवा, जॅक लावू नका, इंजिन बंद. एकाने हँडल थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे झटपट हलवायचं. दुसऱ्याने टाय रॉडच्या (दोन्ही चाकांना जोडणारा रॉड) आणि ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगकडून चाकाकडे येणारा रॉड) प्रत्येक टोकावर हात ठेवायचा. रॉड आधी सरकला आणि नकलचा (चाक धरून वळवणाऱ्या भागाचा) आर्म मागाहून सरकला, तर तो जॉइंट गेला. हँडल सरळ असताना घट्ट आणि पूर्ण वळवल्यावर ढिला असं सहसा नसतं. झीज सरळ चालण्याच्या जागी असते, म्हणून मधल्या भागातच तपासा.

मग चाक जॅकवर घ्या, पण गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ दिसला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर दोष किंगपिनचा. जुन्या जीपमध्ये आणि जिप्सीत पुढचा अॅक्सल अखंड असतो, नकल किंगपिनवर फिरतो. बॉल जॉइंट असतात ते रॉडच्या टोकांना. मेसेज लिहिणाऱ्याने हे सगळं एकत्र केलं आहे. त्यामुळे चारही टोकं बदलूनही थरथर न गेलेले कास्तकार मिस्त्रीला दोष देत बसतात. फोर-व्हील ड्राइव्हच्या नकलमध्ये किंगपिनला बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) जमवतात: शिम कमी केली की ताण वाढतो. टाय रॉड आणि नकलचं सील सोडून, आर्मला छोटा स्प्रिंग काटा लावून तो ताण मोजतात. आपल्याकडे हे अंदाजाने करतात, पण त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घेऊनच करायला हवं.

"टोपी ठोका नाहीतर वेल्डिंग करा." हे करू नका. गोळा एका जागी झिजलेला आहे. टोपी ठोकली की मधली ढिलाई कमी होते, पण वळणावर गोळ्याचा न झिजलेला भाग आवळतो. मग हँडल वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना हे काय करेल, याचा विचार करा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं ग्रीस जळतं, बूट जातो आणि टणक केलेल्या लोखंडाचा कस उतरतो. अशा जॉइंटचा गोळ्याचा पिन वाटीतून निसटला तर चाकाचं हँडलशी नातंच तुटतं, ब्रेक सोडून हाती काही उरत नाही.

"मिळत नाही" हेही खरं नाही. जिप्सीचे आणि महिंद्राच्या जुन्या जीपचे टाय रॉड एंड मिळतात. स्वस्त नकली मालही मिळतो, म्हणून खात्रीच्या दुकानातून बिलासह घ्या. बसवताना टेपरचा (निमुळता) पिन आणि आर्मचं भोक दोन्ही कोरडे, स्वच्छ ठेवा. नट ठरलेल्या ताकदीला आवळल्यावर स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या दुमडत्या पिनचं) भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका. स्प्लिट पिन दरवेळी नवा घाला.

"थरथरलं तर डॅम्पर लावा." डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण तसंच राहतं. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग, मग रॉडची टोकं, किंगपिन, व्हील बेअरिंग, पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्या चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश बघा. हे सगळं नीट असेल तर चांगला डॅम्पर जरूर लावा.

"जाड रॉड आणि रोझ जॉइंट." जाड नळीचा रॉड दगडावर आपटून सहज वाकत नाही, म्हणून जंगलरस्त्याच्या गाडीला त्याचा उपयोग आहे. रोझ जॉइंट मात्र उघडा असतो, त्याला बूट नसतो. स्पर्धेच्या गाडीत तो वारंवार बदलतात. आपल्या गिट्टी-मुरमाच्या धुळीत तो लवकर खडखडायला लागतो. गाडी उंच केली असेल तर ड्रॅग लिंक तिरपी होते आणि गोळा वाटीच्या कडेला टेकतो. तिथे आधी कोन सुधारावा लागतो, नुसता महाग जॉइंट टिकत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. माझ्या मते खरी सुधारणा म्हणजे मूळ मापाचे, निपल असलेले जॉइंट आणि चांगले बूट.

एक गोष्ट मेसेजमध्ये मुळीच नाही. जॉइंट काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, नवा तेवढेच फिरवून बसवा आणि तरीही तालुक्याला जाऊन टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळली आहेत ते माप) तपासून घ्या. टो चुकली तर नवे टायर एका हंगामात कडेने खाल्ले जातात. परतल्यावर टाय रॉडच्या क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा आवळून बघा, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ते कुठे घासत नाहीत ना, हेही तपासा.